नेब्युलायझरमधून ‘नॅनो केमो’ द्यावी का?

पत्र: बाबांचं वय ६६. एसटीत चालक होते. तीस वर्षं बिडी ओढली, आता सोडली आहे. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ निघाली, बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, आला. पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि यकृतातही डाग आहेत. पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन या केमोचे दोन डोस झालेत, तिसरा पुढच्या आठवड्यात आहे. दम्यासाठी घरी नेब्युलायझर आहेच. दादाला एका केंद्राची माहिती मिळाली. तिथे केमोचं औषध नॅनोकणांत भरून नेब्युलायझरमधून देतात. ‘औषध थेट गाठीत जातं, रक्तात उतरत नाही, केस गळत नाहीत’ असं ते सांगतात. दहा बैठका, प्रत्येकी ३५ हजार. तोवर सलाइनमधली केमो थांबवा म्हणतात. शिवाय एका नातेवाइकांनी नॅनो हळदीचे थेंब पाठवले आहेत, तेही नेब्युलायझरमध्ये चार-चार टाका म्हणे. दादा शेत गहाण टाकायला निघालाय. काय करू?
— एक मुलगी, सांगली

उत्तर:

आधी तीन गोष्टी, कारण पुढचा आठवडा जवळ आलाय. तिसरा डोस ठरल्या दिवशी होऊ द्या. थेंबांची बाटली बंद करून बाजूला ठेवा, नेब्युलायझरच्या कपात त्यातला एकही थेंब पडता कामा नये. आणि त्या केंद्राला आगाऊ रक्कम देऊ नका. आता कारणं सांगतो, म्हणजे दादाशी बोलताना तुमच्या हातात नुसतं ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढंच असणार नाही.

श्वासावाटे नॅनोकणांतून औषध ही थाप नाही. त्यावर खरं काम झालं आहे, चालूही आहे, आणि एका आजारात ते मंजूरही झालं आहे. पण आजमितीस फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी नेब्युलायझरमधून घ्यायची एकही केमो भारताच्या औषध नियंत्रकांनी मंजूर केलेली नाही, अमेरिकेच्या एफडीएनेही नाही आणि युरोपनेही नाही. म्हणजे ज्याच्या बैठकीला ३५ हजार मागितले जात आहेत, ते एक तर प्रयोग आहे किंवा फसवणूक. प्रयोग असेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्यावर शेवटी येऊ.

आधी कणांचं गणित. श्वासातून आत जाणारा कण कुठे बसेल हे त्याच्या आकारावर ठरतं. ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब घशाच्या वळणावर आपटून तिथेच चिकटतो आणि थुंकीबरोबर गिळला जातो. १ ते ५ मायक्रॉनचे थेंब खाली फुफ्फुसात उतरतात. त्याहून लहान, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण, हवेबरोबर आत जातात आणि बरेचसे हवेबरोबर बाहेरही येतात. बिडीचा धूर याच आकाराचा असतो. बाबा धूर आत ओढायचे तसा सोडायचेही, म्हणून तर तो दिसायचा. आता नॅनोकण म्हणजे साधारण १०० ते २०० नॅनोमीटर, मायक्रॉनचा दहावा ते पाचवा हिस्सा. तो सुटा हवेत सोडला तर त्यातला पुष्कळसा धुरासारखाच परत येईल. म्हणून संशोधक नॅनोकण सुटे देत नाहीत. ते ३-४ मायक्रॉनच्या पाण्याच्या थेंबात तरंगत ठेवतात किंवा साखरेसारख्या विरघळणाऱ्या पदार्थाच्या भुकटीत गुंफतात. मोठं वाहन फुफ्फुसात उतरतं, विरघळतं, मग आतले प्रवासी मोकळे होतात. म्हणजे औषध कुठे पोचेल हे ठरवणारी गोष्ट नॅनो नसून बाहेरचा थेंब आहे, आणि तो थेंब घडवतं नेब्युलायझरचं यंत्र. केंद्राला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या यंत्रातून निघणाऱ्या थेंबाचा आकार किती, आणि तो याच औषधासह मोजला आहे का? साध्या सलाइनवर मोजलेला आकडा औषधाला लागू होत नाही, कारण दाटपणा आणि पृष्ठताण बदलला की थेंबही बदलतो.

घरचं कॉम्प्रेसरवालं यंत्र, ज्याला आपण सगळे ‘वाफ’ म्हणतो, त्यात वाफ नसते, तुषार असतात. त्याच्या कपात ४ मिली घातले तर जवळजवळ १ मिली कपाच्या भिंतीला आणि तळाला चिकटून राहतो. बाबा श्वास सोडत असतात तेव्हाही यंत्र तुषार उडवतच असतं. प्रत्यक्ष फुफ्फुसात पोचतो साधारण दहावा हिस्सा. सॅलब्युटामॉलसारख्या दम्याच्या औषधाला हे चालतं, कारण ते स्वस्त आहे आणि सांडलं तरी कुणाचं बिघडत नाही. केमो सांडली तर ती खोलीच्या हवेत, आईच्या आणि नातवंडांच्या श्वासात जाते. म्हणूनच ज्या ज्या रुग्णालयांत अशा चाचण्या झाल्या, तिथे रुग्णाच्या उच्छ्वासाच्या नळीवर बारीक गाळणी लावली होती आणि खोलीतली हवा वेगळी ओढून घेण्याची सोय होती. हातमोजे, एन-९५, आणि वापरलेला कप व नळ्या सायटोटॉक्सिक (पेशींना मारक) अशी चिठ्ठी लावलेल्या पिवळ्या पिशवीत. हे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आहे. दादा केंद्र बघून आलाय ना? त्याला विचारा, खोलीत दुसरे रुग्ण बसले होते का, नर्सने मास्क लावला होता का, पिवळी पिशवी कुठे दिसली का. एसी लावलेली साधी खोली आणि शेजारी-शेजारी तीन खुर्च्या असतील तर आत केमो तरी नसावी, किंवा असली तर ती तिन्ही रुग्णांना आणि नर्सला सारखीच मिळत असणार.

दुसरी अडचण औषधाच्या बाटलीची. शिरेतून द्यायचं औषध श्वासनलिकेसाठी बनवलेलं नसतं. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात आणि जवळपास निम्म्या अल्कोहोलमध्ये ठेवतात. शिरेत देतानाही त्याची ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. तेच फुफ्फुसात फवारणं कुठलाही शहाणा माणूस करणार नाही. नॅनो असलेलं पॅक्लिटॅक्सेल मात्र खरोखर मिळतं, भारतातही. सुमारे १३० नॅनोमीटरचे अल्ब्युमिन प्रथिनाचे कण असतात ते. अमेरिकेत २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी कार्बोप्लॅटिनबरोबर मंजूर झालं. पण ते शिरेतून, अर्ध्या तासात. १०० मिलिग्रॅमच्या बाटलीत २० मिली सलाइन घालताना भिंतीवरून निदान एक मिनिट घेऊन हळू सोडावं लागतं, मग पाच मिनिटं न हलवता ठेवावं लागतं. कारण अल्ब्युमिन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचं भावंडच, हलवलं की फेस. तेच नेब्युलायझरमध्ये घातलं तर कपात फेसच फेस होईल. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कर्करोगतज्ज्ञांनी, कधी ‘नॅनो’ शब्द उच्चारला असेल तर तो बहुधा या शिरेतल्या औषधाबद्दल. दोन्ही गोष्टींची गल्लत होते, आणि काही जण ती मुद्दाम करतात.

आणखी एक औषधशास्त्राची खोच. पुष्कळ नॅनोकण एकमेकांपासून दूर राहतात ते पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळे. त्यांना ०.९ टक्के सलाइनमध्ये मिसळलं की मीठ तो भार झाकतं आणि कण एकत्र येऊन गुठळ्या होतात. दह्यासारखं फुटलेलं डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण २०० नॅनोमीटरचा कण २-३ मायक्रॉनचा गोळा होतो. मग तो फुफ्फुसातल्या भक्षक पेशींच्या, मॅक्रोफेजांच्या, तोंडी अलगद जातो. १ ते ३ मायक्रॉनचे कण गिळणं हे तर त्यांचं रोजचं काम. औषध गाठीऐवजी सफाई कामगारांच्या पोटात. म्हणून खरा नॅनो औषध बनवणारा प्रत्येक बॅचचा आकार, भार आणि औषध किती बांधलं आहे, किती सुटं आहे, हे कागदावर देतो. भारतात त्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था) यांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली. केंद्राकडे असा कागद मागा. ‘आमचं गुपित सूत्र आहे’ हे उत्तर आलं तर उठून यायला हरकत नाही.

मंजूर झालेलं जे एक उदाहरण म्हटलं, ते आहे अमिकासिन हे प्रतिजैविक. सुमारे ३०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, भरलेलं. अमेरिकेत २०१८ मध्ये क्षयाच्या चुलत घराण्यातल्या, एमएसी नावाच्या जंतूंच्या हट्टी संसर्गासाठी मान्यता मिळाली. दिवसातून एकदा ५९० मिलिग्रॅम, ८.४ मिलीत. हे औषध फक्त त्याच्यासाठीच बनवलेल्या एका जाळीच्या नेब्युलायझरमधून द्यायचं, दुसऱ्या कशातूनही नाही. इतकं जुळवून आणूनही तुषार होताना तीसेक टक्के औषध लायपोसोममधून सुटतं, कारण बारीक जाळीतून जाताना पिशव्या फाटतात. आणि माहितीपत्रकावर चौकटीत इशारा आहे: श्वासनलिका आवळणे, खोकल्यातून रक्त, फुफ्फुसाची ॲलर्जीक सूज. एवढं सगळं एका प्रतिजैविकासाठी. बाजारातल्या साध्या कपात केमो ओतणाऱ्यांनी या वाटेवरचं कुठलं पाऊल टाकलं आहे, विचारून बघा.

आता केमोबद्दल प्रत्यक्ष माणसांवर काय दिसलं. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध शिरेतून देताना दर चौरस मीटर अंगाला ६० ते ७५ मिलिग्रॅम देतात. अमेरिकेतल्या एका चाचणीत ते श्वासावाटे दिलं, अहवाल २००७ मध्ये आला. ९.४ मिलिग्रॅमवर फुफ्फुसांनी तक्रार केली, म्हणून पुढे ७.५ ठरवलं. म्हणजे शिरेतल्या डोसच्या दहाव्या हिश्श्यालाच फुफ्फुसाने हात टेकले. नवल नाही. हे औषध सलाइनच्या सुईबाहेर सांडलं तर कातडीला जखम होऊन ती महिनोन्महिने भरत नाही. फुफ्फुसातला हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मायक्रॉनभरही जाड नसतो.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लायपोसोममधल्या सिस्प्लॅटिनची चाचणी प्रसिद्ध केली. १७ रुग्ण होते. मूत्रपिंड, कान, रक्तपेशी यांना त्रास झाला नाही, रक्तात प्लॅटिनम फार कमी उतरलं. ही खरी जमेची बाजू. पण गाठ लहान झाली असं नाही. १२ जणांत ती तिथल्या तिथे थांबली, ४ जणांत वाढली. लायपोसोममधल्या ९-नायट्रोकॅम्प्टोथेसिनची चाचणी २००४ ची. आठवडे आठ, दर आठवड्याला पाच दिवस, रोज अर्ध्या तासाच्या दोन बैठका, आणि डोस वाढवताना आड आला तो भाजल्यासारखा सुजलेला घसा. जेमसिटाबिनच्या फ्रान्समधल्या छोट्या चाचणीत श्वासनलिका गंभीरपणे आवळल्या. हे सगळे अहवाल जुने वाटतील, पण नंतरच्या वर्षांत यांतलं एकही औषध मंजुरीपर्यंत गेलं नाही, हेच त्यांचं उत्तर आहे. सध्या श्वासावाटे केमोपेक्षा प्रतिकारशक्ती जागवणारी जनुकं देण्याकडे कल आहे. विषाणूत किंवा चरबीच्या नॅनोकणांत भरून इंटरल्युकिन-१२ सारखी प्रथिनं फुफ्फुसातच तयार करवायची. त्यातल्या काहींच्या मानवी चाचण्या चालू आहेत. आम्हाला त्यात केमोपेक्षा जास्त दम वाटतो.

‘नॅनोकणांनी गाठ नाहीशी’ अशा ज्या बातम्या दादा वाचतो, त्या बहुतेक उंदरांच्या. उंदीर तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो, म्हणून पुष्कळदा त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून औषध थेट टोचतात. म्हणजे घसा, थुंकी, यंत्रातला तोटा, सगळं वगळून. आणि त्याच्या गाठी बऱ्याचदा शेपटीच्या शिरेतून पेशी टोचून दोन-तीन आठवड्यांत उगवलेल्या असतात, निरोगी तरुण फुफ्फुसात. तीस वर्षं बिडीचा धूर घेतलेल्या फुफ्फुसाशी त्याची तुलना करणं म्हणजे नव्या एसटीचं मायलेज पंचवीस वर्षं घाटात धावलेल्या गाडीला लावणं. बाबांना हे लगेच पटेल.

इथे बाबांच्या खास बाबतीत येऊ. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण अशा वेळी शब्दशः खरी ठरते. तुषार हवेबरोबर जातात, आणि हवा जिथे वाट मोकळी तिथे जाते. गाठीने एखादी श्वासनलिका दाबली असेल तर तिच्या पलीकडे हवाच जात नाही, औषध कुठून जाणार? गाठीच्या आतल्या भागात तर हवा नसतेच, ती भरीव असते. तिच्या बाहेरच्या कडेवर थोडं बसतं, बाकी सगळं निरोगी भागात. त्यात बाबांचा ‘दमा’ हा बिडीमुळे झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळण्याचा आजार, असण्याची शक्यता जास्त. अशा आवळलेल्या नळ्यांत तुषार वरच्या मोठ्या नळ्यांतच आपटून बसतात, खोल उतरत नाहीत. म्हणूनच अशा चाचण्यांत आधी स्पायरोमेट्री करून श्वासाची ताकद कमी असलेल्यांना वगळतात.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. ‘रक्तात उतरत नाही’ हा गुण म्हणून सांगितला जातोय. पण बाबांच्या मणक्यात आणि यकृतात पेशी गेल्या आहेत. तिथे औषध फक्त रक्तातूनच पोचू शकतं. जी गोष्ट फुफ्फुसापुरत्या मर्यादित गाठीत फायद्याची ठरली असती, तीच चौथ्या टप्प्यात घातक आहे. सलाइनमधली केमो थांबवून दहा बैठका घेतल्या तर तेवढे आठवडे मणक्यातल्या आणि यकृतातल्या पेशींवर कुठलंही औषध नसेल. मणक्यातला डाग वाढून मज्जारज्जू दाबला गेला तर पाय जातात. दादाला पैशाचं नंतर सांगा, आधी हे सांगा.

केस गळण्याचं म्हणाल तर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनमध्ये केस फारसे जात नाहीत, विरळ होतात. बाबांचे दोन डोस झालेत, डोक्याकडे बघा म्हणजे कळेल. जो त्रास मुळात होत नाही तो टाळण्याचे साडेतीन लाख कशाला?

आता हळदीचे थेंब. जेवणातली हळद जेवणात राहू द्या, तिच्याशी आमचं भांडण नाही. पण पाण्यात न मिसळणारी हळद थेंबाच्या रूपात मिसळवायची तर त्यात बहुधा तेल आणि ते पाण्यात फोडणारं साबणासारखं रसायन घालावं लागतं. पोटात ते पचतं. फुफ्फुसात तेल पचवायची सोयच नाही. मॅक्रोफेज ते गिळतात, फुगतात, तिथेच साचतात, आणि लिपॉइड न्यूमोनिया होतो, जो स्कॅनवर कधी कधी चक्क गाठीसारखा दिसतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंग करणाऱ्या तरुणांत अचानक फुफ्फुसं निकामी होऊ लागली. त्यामागे मुख्यतः सापडलं ते व्हिटॅमिन ई ॲसिटेट, म्हणजे तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत आणि क्रीममध्ये निर्धोक वापरलं जाणारं तेलकट द्रव्य. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. पोटाला चालतं म्हणून फुफ्फुसाला चालतं असं नाही, याचं याहून कडवं उदाहरण आमच्या माहितीत नाही. थेंब तोंडाने द्यायचेच असं नातेवाइकांनी धरलं, तर बाटली ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. त्यात मिरीतलं पायपरीन असेल तर ते यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं, आणि पुढे टार्गेटेड गोळी सुरू झाली तर ते महागात पडेल.

टार्गेटेड गोळी म्हणालो ते मुद्दाम. दादाला ‘थेट गाठीवर नेम’ हवा आहे ना, तर तो नेम प्रयोगशाळेत आधी घेतला जातो. तुमच्या पत्रात कुठेही ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ (गाठीतल्या जनुकांचे बदल) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं प्रथिन) या तपासण्यांचा उल्लेख नाही. झाल्या असतील तर अहवाल काढून ठेवा. नसतील तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच. भारतातल्या ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआरचा बदल साधारण चारांत एकाच्या आसपास सापडतो. बिडी ओढणाऱ्यांत कमी, पण ‘ओढायचे म्हणून तपासलंच नाही’ हे कारण आता चालत नाही. बायोप्सीचा तुकडा संपला असेल तर रक्तातूनही तपासता येतं. बदल सापडला तर रोज एक गोळी मिळते, जी रक्तातून मणक्यात, यकृतात आणि काही गोळ्या मेंदूतही पोचतात. ईजीएफआरच्या रुग्णांत गेफिटिनिबला हीच पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन जोडल्यावर आजार थोपवण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, हे मुंबईच्या टाटा मेमोरिअलनेच दाखवून दिलं आहे. साडेतीन लाखांतल्या थोड्याशा पैशात या तपासण्या होतात.

पेमेट्रेक्सेड चालू आहे म्हणून दोन गोष्टी तपासा, कारण त्या हमखास निसटतात. फॉलिक ॲसिडची रोजची गोळी (४०० ते १,००० मायक्रोग्रॅम) चालू आहे ना, आणि बी-१२ चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी मिळतंय ना. ही जोड चुकली तर तोंड येतं, पेशी फार खाली जातात, मग घरचे म्हणतात केमो सोसत नाही. पाठदुखीला परस्पर आयबुप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडाची ताकद कमी असेल तर ते पेमेट्रेक्सेड अंगात अडवून ठेवतं.

नेब्युलायझर फेकून देऊ नका. तो बाबांच्या दम्यासाठी उपयोगाचा आहे, फक्त नीट वापरा. ताठ बसवून, मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी बरी, ओठ मिटून. डॉक्टरांनी लिहिलेल्या रेस्प्यूल (औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या) आणि लागलं तर त्यांनीच सांगितलेलं निर्जंतुक सलाइन, एवढंच कपात. नळाचं किंवा आरओचं पाणी कधीच नाही. आठ-दहा मिनिटांत फडफड आवाज आला की कपाला टिचकी मारा, पुन्हा फडफडला की संपलं. स्टेरॉइडची रेस्प्यूल असेल तर नंतर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी होते. प्रत्येक वेळी कप उघडून धुऊन हवेवर वाळवा, रोज एकदा साबणाच्या कोमट पाण्यात, आणि निर्मात्याने परवानगी दिली असेल तर आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं उकळा. ओला कप तसाच झाकून ठेवला की त्यात स्यूडोमोनास वाढतो. केमोच्या डोसनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, तेव्हा तोच जंतू तुषारांबरोबर थेट फुफ्फुसात. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालयात. खोकल्यातून चमचाभरापेक्षा जास्त रक्त, पायात अचानक अशक्तपणा, लघवी अडणं, हेही त्याच रात्रीचे विषय.

आता प्रयोगाचं. केंद्र म्हणत असेल की ही क्लिनिकल ट्रायल आहे, तर नोंदणी क्रमांक मागा. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्या सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंदवणं बंधनकारक आहे. क्रमांक सीटीआरआय, वर्ष, महिना आणि शेवटी आकडे असा असतो, तो संकेतस्थळावर टाकून कुणालाही फुकट बघता येतो. त्यात औषधाचं नाव, मुख्य संशोधक, केंद्रांची यादी आणि कोणते रुग्ण घेता येत नाहीत हे सगळं लिहिलेलं असतं. केंद्राचं नाव त्या यादीत हवं, नुसती कुठलीतरी नोंद असून भागत नाही. मराठीतलं संमतिपत्र घरी आणून वाचायला मिळालं पाहिजे. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत आणि चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई. आणि आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं सांगतात की नेहमीच्या उपचारांपलीकडचा, संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नाही. पैसे मागितले जात आहेत म्हणजे ही चाचणी नाही, एवढा निष्कर्ष तुम्ही घरबसल्या काढू शकता.

दादाला नव्या उपचारांची आस आहे ती चुकीची नाही, तिला बरी वाट द्या. तिसऱ्या डोसच्या आधी किंवा नंतर सीटी होईल, तो घेऊन परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या जवळच्या केंद्रात दुसरं मत घ्या आणि ‘बाबांना बसेल अशी कुठली चाचणी चालू आहे का’ हे तिथे विचारा. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मूळ प्रयोगशाळेतून मागून बरोबर न्या, नुसता कागद नेला तर परत पाठवतात. रेशनकार्ड, आधार आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रंही पिशवीत असू द्या, केमोचा बराच भाग त्यात बसतो. शेत गहाण टाकायचा विषय निदान त्या अहवालांपर्यंत थांबू द्या. आणि थेंब पाठवणाऱ्या नातेवाइकांना, बाबांना हवं तर, हळदीचं दूध पाजून आभार माना.